उजव्या गालाची नक्कल

मास्तरांना मास्तर हे नाव शिकवण्यावरून पडलं नव्हतं, टोकण्यावरून पडलं होतं. गेमच्या कंपनीत चेहरे बनवायचं त्यांचं काम. पण दुसऱ्याच्या स्क्रीनपाशी थांबले की चूक सापडल्याशिवाय पुढे सरकत नसत. कातडीवरची छिद्रं हा त्यांचा खास विषय. नाकावरची छिद्रं गोल असतात, गालावरची लांबट होत जातात, हे ते चहाच्या मशीनपाशीसुद्धा समजावून सांगत, आणि ऐकणारा कप भरला रे भरला की पसार होई. पाठीमागे लोक त्यांना छिद्रान्वेषी म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी ते कौतुकाच्या खात्यात जमा करून घेतलं.

वय त्रेचाळीस. आधीच्या दोन कंपन्या त्यांच्या अंगावरच बंद पडलेल्या. ही तिसरी, आणि या कंपनीचं नाव झालं होतं ते मास्तरांना मनापासून न आवडणाऱ्या गेममुळे. त्या गेममध्ये सगळं रेखाटलेलं. सपाट रंग, जाड रेघा, माणसांना नाकं म्हणजे नुसते कोन. तो ज्या बाईनं उभा केला तिला सगळे सातरेघी म्हणत, कारण कुठलाही चेहरा सात रेघांत बसतो असा तिचा दावा होता आणि तो ती कुणाच्याही रुमालावर, पावतीवर, पावाच्या पाकिटावर सिद्ध करून दाखवी. मास्तरांच्या मते ही कला नव्हती, कामचुकारपणा होता. त्यांच्या एका भुवईत चारशे केस असत.

कंपनीचा मालक "मला मालक म्हणू नका" असं सारखं म्हणायचा, म्हणून सगळे त्याला मालकच म्हणायचे. त्यानं नवा गेम काढायचा ठरवला आणि दोघांना आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं.

"हुबेहूब करायचं की रेघेचं, हे मला ठरवता येत नाहीये," तो म्हणाला. "दोघांनी एकच चेहरा करा. तीन आठवडे. जो चांगला दिसेल, तसा सगळा गेम."

"आणि दुसरा?" सातरेघीनं विचारलं.

"दोन चुली मी पेटवणार नाही."

म्हणजे एकाला प्रमुखाची खुर्ची, आणि दुसऱ्यानं आपल्या हाताखालच्या चौघांना घेऊन बाहेरचा रस्ता धरायचा. मास्तर घरी आले तेव्हा त्यांचं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. चौथी कंपनी त्रेचाळिसाव्या वर्षी कोण देतं? या धंद्यात तिशीनंतर माणूस म्हातारा आणि चाळिशीनंतर किस्सा होतो.

चेहरा करायचा होता एका नावाड्याचा. गेम सुरू होताच हा म्हातारा खेळणाऱ्याला नदीपार नेणार, म्हणजे लाखो लोक आधी त्याच्याच तोंडाकडे बघणार. चेहऱ्यात आयुष्य दिसलं पाहिजे, असं मालकाचं म्हणणं; पण आयुष्य दिसणारा माणूस भाड्यानं आणायची तयारी नव्हती. मास्तरांनी हात वर केला. घरात एक होता.

सासरे चाळीस वर्षं सलून चालवून थकले, मग सासूबाई गेल्यावर लेकीकडे राहायला आले. सलून गेलं तरी जीभ कात्रीसारखी चालत होती.

"माझा चेहरा?" ते म्हणाले. "जावईबुवा, जगातले सगळे देखणे संपले काय?"

"देखणा नकोय, बाबा. सुरकुत्या पाहिजेत."

"हे बघ," सासरे लेकीला म्हणाले, "लग्नाला बारा वर्षं झाली, आज पहिल्यांदा त्यांना माझ्याकडचं काहीतरी हवंय आणि तेही सुरकुत्या."

ठरलेल्या दिवशी ते न्हाऊनधुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. डाव्या गालावर मात्र कागदाचा बारीक कपटा चिकटवलेला. दाढी करताना कापलं होतं.

"चाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या केल्यात आणि स्वतःची जमत नाही," मास्तरांची बायको म्हणाली.

"हल्ली ब्लेडंच भिकार येतात. लागलेलं कळतसुद्धा नाही."

मास्तर कपट्याकडे बघून कुरकुरले, कारण तो डाग नंतर त्यांनाच पुसायचा होता.

कंपनीच्या मागच्या खोलीत साठ कॅमेरे गोल उभे केले होते. मधोमध स्टूल. सासऱ्यांना बसवलं, हनुवटीची उंची मोजली, दिवे लावले.

"चेहरा कोरा ठेवा," मास्तर म्हणाले. "हसायचं नाही, कपाळाला आठी नको. काही भाव नको."

"गिऱ्हाइकांना मी जन्मभर हेच सांगत आलो. एकानं ठेवला नाही."

साठही कॅमेरे एकदम वाजले. चार वेळा. झालं एवढंच. मास्तर लगेच कॉम्प्युटरकडे वळले आणि सासऱ्यांना विसरले. सातरेघीनं म्हाताऱ्याला हाताला धरून चहाच्या टेबलाशी नेलं, समोर बसून तासभर गप्पा मारल्या आणि बोलता बोलता वहीत काढत राहिली. कोणाचे केस सगळ्यात हट्टी, कोण पुढारी टक्कल झाकायला काय काय करी, हे सगळं तिनं काढून घेतलं. मास्तरांना काचेतून ते दिसलं. वेळ वाया घालवतेय, असं त्यांना वाटलं आणि बरंही वाटलं.

कॅमेऱ्यांनी जोडून दिलेला कच्चा चेहरा संध्याकाळपर्यंत तयार झाला. मातीच्या मुखवट्यासारखा करडा, पण सुरकुती न सुरकुती आलेली. मास्तरांनी तो सगळीकडून फिरवला. उजवी बाजू झकास. डावीकडे तोंडाचा कोपरा खाली ओघळलेला, आणि नाकापासून हनुवटीकडे उतरणारी घडी जवळजवळ सपाट. मास्तर चुकचुकले. "हलले," ते स्वतःशी म्हणाले. चारही वेळच्या फोटोंत तसंच होतं. म्हणजे चारही वेळा हलले. म्हाताऱ्या माणसाला बसवणार तरी किती वेळ. शिस्तीच्या माणसासारखं त्यांनी फाइलीला तारीख घातली आणि शेरा लिहिला: डावी बाजू, विषय हलला. उजवी वापरली.

आता यात त्यांनी काही वावगं केलं असं त्या धंद्यातला कुणी म्हणणार नाही. तिथे अख्खा चेहरा कुणीच करत नाही. चांगली निघालेली अर्धी बाजू घ्यायची, ती घासूनपुसून लख्ख करायची, आणि आरशात दिसावी तशी उलटवून दुसरीकडे चिकटवायची. अर्ध्या मेहनतीत पुरा माणूस. पण दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या की चेहरा मेलेला दिसतो. म्हणून शेवटी स्क्रीनवरची एक पट्टी सरकवून त्यात जरा वाकडेपणा घालायचा. पाच टक्के घालतात. देवानं दिलेला वाकडेपणा पुसायचा आणि वर आपल्या बरणीतला चोपडायचा, हे काम मास्तर वीस वर्षं करत होते आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सासऱ्यांच्या वेळी त्यांनी बराच विचार करून सहा टक्के घातला. ओठांचा उजवा कोपरा केसभर खाली घेतला.

मग तीन आठवडे छिद्रं. नाकाची, गालाची, कानाच्या पाळीमागची, जिथे कुणी बघणार नव्हतं तिथलीही. घरी जेवतानासुद्धा मास्तर घास हातात धरून सासऱ्यांकडे टक लावून बसत.

"काय बघताय, जावईबुवा? मुलगी तर दिलीच आहे."

"कान बघतोय."

"कसे आहेत?"

"उजवा चांगला आहे."

"डाव्यानं काय घोडं मारलंय?" सासरे म्हणाले, आणि पाण्याचा घोट घेताना थोडं पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं. लेकीनं न बोलता फडकं पुढे केलं. तिच्याही लेखी तो म्हातारपणाचा भाग होता.

निकालाच्या दिवशी काचेच्या खोलीत दोन मोठे स्क्रीन लावले होते. मास्तरांच्या स्क्रीनवर सासरे. म्हणजे काय सासरे. डोळ्यांत ओलसर चमक, पांढऱ्या खुंटांवर उजेड, कातडीखाली रक्त असल्याचा भास. मालक पुढे झाला आणि त्यानं नकळत बोट लावून बघितलं.

दुसऱ्या स्क्रीनवर सपाट पिवळसर रंग आणि सात रेघा. दोन भुवया, दोन डोळे, एक नाक, एक हनुवटी. सातवी तोंडाची, उजवीकडून सरळ निघालेली आणि डाव्या टोकाला घसरलेली. दारात उभ्या असलेल्या रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या, "अय्या, ते सलूनवाले आजोबा." मास्तरांनी केलेल्या चेहऱ्याकडे बघून त्यांना असं काही सुचलं नव्हतं. हे मास्तरांच्या ध्यानात आलं.

"हे व्यंगचित्र झालं," ते म्हणाले. "आणि चुकीचं. डावीकडे तोंड का पाडलंयस?"

"मला तसं दिसलं," सातरेघी म्हणाली. "बोलताना त्यांचा डावा कोपरा मागे राहतो. चहासुद्धा तिकडूनच ओघळत होता. बाकी सगळं सोडलं तरी चालेल, ती रेघ सोडली तर ते राहत नाहीत."

"मी त्यांच्याबरोबर एका घरात राहतो."

"म्हणून तर तुम्हाला विचारणार होते, हे आधीपासून आहे का?"

ती चेष्टा करत नव्हती. पण मास्तरांना त्या क्षणी खुर्ची दिसत होती, आणि खुर्ची दिसत असली की माणसाला दुसरं काही दिसत नाही.

"मालक, माझं मत सोडा, तिचंही सोडा," ते म्हणाले. "साठ कॅमेऱ्यांनी जे पाहिलं ते इकडे आहे. तोंड सरळ आहे. एका बाईनं चहा पिता पिता जे पाहिलं ते तिकडे. गरीब म्हाताऱ्याचं तोंड वाकडं काढून लोकांना हसवायचं असेल, तर तसं सांगा."

मालकाला साठ हा आकडा आवडला. शिवाय म्हाताऱ्याची टिंगल होतेय असं कुणी म्हटलं तर, या धास्तीनं तो मागे सरला. "हुबेहूबच करू," तो म्हणाला.

पंधरा दिवसांत रेघवाले पाचही जण गेले. सातरेघीनं आपलं सामान एका पिशवीत भरलं. जाताना मास्तरांच्या टेबलाशी थांबली.

"सासरे बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय?"

"काही नाही. विचारलं."

मास्तरांनी हे कुत्सितपणाच्या सदरात टाकलं. हरलेली माणसं अशीच बोलतात, असा त्यांचा अनुभव होता. दुसऱ्या दिवशी ते प्रमुखाच्या खुर्चीत बसले. तिचा एक हात ढिला होता, तो त्यांनी आल्या आल्या पिळून घट्ट केला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी नाश्त्याच्या टेबलावर, सासऱ्यांच्या हातातला कप निसटला. ते वाकून उचलायला गेले आणि खुर्चीसकट डावीकडे कलंडले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्यांचा डावा हात आणि पाय त्यांचे राहिले नव्हते. तोंड इतकं ओढलं गेलं होतं की शब्द ओठांपर्यंत येऊन फुटत होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तुटक बोलणाऱ्या. मेंदूचा फोटो दिव्यासमोर धरून त्यांनी दाखवला.

"हा मोठा आजचा. पण इथे एक लहान डाग आहे, तो जुना. याआधी कधी तोंड वाकडं झालं होतं? बोलताना अडखळत होते? खाताना सांडायचं?"

"नाही," मास्तरांची बायको म्हणाली, आणि मग तिचा चेहरा बदलला. "सांडायचं कधी कधी. मला वाटलं वय झालं. मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवतेय हो."

"लहान झटका येऊन गेला की बरेचदा चेहऱ्यावर दिसतो. तेव्हाच आणलं असतं, तर गोळ्या सुरू करता आल्या असत्या. हे टळलं असतं असं छातीठोक नाही सांगत, पण शक्यता होती. दोनेक महिन्यांपूर्वीचा त्यांचा फोटो आहे? समोरून, न हसता काढलेला?"

असला फोटो कुणाच्या घरी असतो? बायकोनं मोबाइल वरखाली केला. त्यात सासरे होते ते पाठमोरे, झोपलेले, नाहीतर केकच्या मागे हसणारे. मग तिनं मान वर केली.

"अरे, तुझ्याकडे आहे की. तुझ्या ऑफिसात. साठ कॅमेऱ्यांचा."

मास्तर रिक्षा करून ऑफिसात गेले. दुपारची वेळ, सगळे जेवायला गेलेले. त्यांनी आपला कॉम्प्युटर उघडला. एकाखाली एक दोन फाइली होत्या. वरची कच्ची, खालची पुरी केलेली. कच्ची उघडल्यावर त्यांनी फार वेळ बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. ज्या माणसाला कानामागच्या छिद्रांचा आकार पाठ होता, त्याला हे तोंड कळायला तीन आठवडे अपुरे पडले होते. चारही फोटोंत एकाच जागी, एकाच मापानं घसरलेला कोपरा. हललेला माणूस चार वेळा सारखा हलत नाही, हे कुठल्याही शिकाऊ पोरानं सांगितलं असतं. खाली तारीख, आणि तारखेखाली त्यांच्याच हातचा शेरा.

मास्तरांनी मनाशी मांडणी केली. खरी फाइल दाखवून सासऱ्यांचा हात परत येणार नव्हता. बायकोला मात्र कळणार होतं की हे तीन आठवडे, चौपट मोठं करून, दिव्याखाली आपल्या नवऱ्यासमोर होतं. आणि कळून ती काय करणार? रडणार. म्हणजे न दाखवण्यात तिचंही भलंच होतं. स्वतःचं नाव त्यांनी या मांडणीत कुठेच येऊ दिलं नाही. मग खालची फाइल उघडून चेहरा अगदी समोर फिरवला, पाठीमागे साधी भिंत घातली आणि फोटो मोबाइलवर घेतला.

डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांनी तो मोठा केला.

"कमालीचा स्पष्ट आहे. तारीख नक्की?"

"नक्की."

"घडी दोन्हीकडे सारखी. कोपरे ठीक. हा उजवा थोडासा खाली आहे, पण तेवढं सगळ्यांचंच असतं." त्यांनी मोबाइल परत दिला. "म्हणजे जुन्या डागाची लक्षणं दिसली नव्हती. तसं लिहिते."

त्यांनी तसं लिहिलं.

बाहेर बाकावर बायकोनं मास्तरांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "म्हणजे माझ्याकडून काही सुटलं नाही ना?"

"नाही."

"तुझ्याकडूनसुद्धा नाही."

मास्तरांनी मोबाइल खिशात घातला. ती दमलेली होती. तिनं उत्तराची वाट बघितली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "तो फोटो सगळ्यांना पाठव. मामा, आत्या, सगळे विचारतायत. आताच्या अवस्थेतला नको कुणाला. बाबा असे होते, हेच बघू देत."

फोटो गेला. पाठोपाठ उत्तरं यायला लागली. मामांनी लिहिलं, अगदी जसेच्या तसे. आत्यानं लिहिलं, बोलतील असं वाटतंय. चुलतभावानं कॅमेरा कोणता ते विचारलं.

तिसऱ्या दिवशी सासरे डोळे उघडून इकडेतिकडे बघायला लागले. शब्द जड येत होते, पण कान देऊन ऐकलं तर कळत होते. एक नर्स दर दोन तासांनी येऊन त्यांना प्रश्न विचारी आणि कागदावर लिहून घेई. आज वार कोणता, ते बरोबर आलं. ही कोण, तर लेक, तेही बरोबर. हे कोण? सासऱ्यांनी मास्तरांकडे बघितलं आणि म्हणाले, "छिद्रवाले." लेक किती दिवसांनी हसली. हेही नर्सनं बरोबर धरलं.

लेकीला हुरूप आला. तिनं मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "आणि हे कोण, सांगा बघू."

सासऱ्यांनी फोटो बघितला. घाई केली नाही. चाळीस वर्षं रोज आरशापुढे उभा राहिलेला माणूस बघेल तसा बघितला.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"अहो बाबा, नीट बघा. तुम्हीच ना."

त्यांनी उशीवर डोकं हलवलं. "मी नाही."

लेकीनं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिचे डोळे भरून आले. नर्सनं पेन काढलं आणि कागदावर लिहायला लागली: स्वतःचा चेहरा ओळखत नाहीत. मग ओळ पुरी करण्याआधी थांबून, खात्री करून घ्यावी म्हणून तिनं मास्तरांकडे वळून विचारलं, "फोटो यांचाच आहे ना?"

"यांचाच," मास्तर म्हणाले.